युद्धनौका क्षेपणास्त्रापासून कशी वाचते? सगळा हिशेब सेकंदांचा

पृथ्वी गोल आहे, आणि युद्धनौकेच्या हवाई संरक्षणाचं सगळं गणित इथूनच सुरू होतं. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. वातावरणामुळे त्या किंचित वाकतात, म्हणून डोळ्यांना दिसतं त्याच्या थोडं पलीकडचं रडारला दिसतं. पण समुद्राच्या फुगवट्याआड लपलेली वस्तू त्यालाही दिसत नाही. किती लांबचं दिसेल हे काढायचं सूत्र सोपं आहे. रडारच्या अँटेनाची पाण्यापासूनची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

अँटेना डोलकाठीवर २० मीटर उंचीला आहे आणि क्षेपणास्त्र लाटांच्या वर ५ मीटरवरून येतंय असं धरा. उत्तर येतं साधारण २८ किलोमीटर. रडारचा पल्ला कागदावर ३०० किलोमीटर असेल, पण तो उंचावरून उडणाऱ्या विमानासाठी. पाण्याला घासून येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी त्याच रडारचा पल्ला २८ किलोमीटरच. १९६७ साली २१ ऑक्टोबरला इजिप्तच्या छोट्या नौकांनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका पी-१५ क्षेपणास्त्रांनी बुडवली. ती क्षेपणास्त्रं शंभरेक मीटर किंवा त्याहून जास्त उंचीवरून यायची, म्हणजे त्याच सूत्राने ती ६० किलोमीटरवरून दिसू शकली असती. पुढच्या पिढीतल्या क्षेपणास्त्रांनी उंची काही मीटरवर आणली आणि बचाव करणाऱ्याचा निम्म्याहून जास्त वेळ एका फटक्यात खाल्ला.

आता हे २८ किलोमीटर सेकंदांत मोजू. एक्झोसेट किंवा हार्पूनसारखं क्षेपणास्त्र ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाने, सेकंदाला सुमारे ३०० मीटर या गतीने येतं. म्हणजे क्षितिजावर उगवल्यापासून नौकेवर आदळेपर्यंत ९३ सेकंद. ब्राह्मोसच्या जातीचं स्वनातीत क्षेपणास्त्र सेकंदाला ९०० मीटरच्या पुढे जातं. त्याच्यासाठी हातात उरतात ३१ सेकंद.

त्या सेकंदांत काय काय करावं लागतं

रडारवर एक ठिपका दिसला म्हणजे क्षेपणास्त्र दिसलं असं होत नाही. मिनिटाला १५ फेऱ्या मारणारं फिरतं रडार एकाच दिशेला दर ४ सेकंदांनी बघतं. तो ठिपका खरा आहे आणि तो अमुक दिशेने अमुक वेगाने चाललाय हे ठरवायला निदान तीन वेळा दिसावा लागतो. यात ८ ते १२ सेकंद गेले. त्यातही समुद्र खवळलेला असेल तर लाटांवरून परतणारे प्रतिध्वनी पडद्यावर कचरा करतात. शिवाय कमी उंचीवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी दोन वाटांनी येतो, एक थेट आणि एक पाण्यावर आपटून. या दोन लहरी कधी एकमेकींत मिसळून जोरदार होतात, तर कधी एकमेकींना खाऊन टाकतात. त्यामुळे ठिपका दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. उंची मोजणाऱ्या रडारला तर पाण्याखाली एक प्रतिबिंबही दिसतं आणि त्याचा झोत खरं लक्ष्य आणि प्रतिबिंब यांच्यात वरखाली डुलत राहतो.

समजा माग काढायला १० सेकंद गेले. मग ओळख पटवायची: शत्रू, मित्र की प्रवासी विमान? मग निर्णय, मग शस्त्राला लक्ष्य सोपवणं. चांगल्या सरावाच्या पथकालाही याला ८ सेकंद द्या. क्षेपणास्त्र नळीतून बाहेर पडून वळायला आणखी २ सेकंद. एकूण २० सेकंद गेले.

सेकंदाला ३०० मीटरने येणारं क्षेपणास्त्र तोवर ६ किलोमीटर जवळ आलं, म्हणजे २२ किलोमीटरवर आहे. आपलं क्षेपणास्त्र सरासरी ७०० मीटर वेगाने निघालं, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला १००० मीटरने कमी होतं आणि २२ सेकंदांनी नौकेपासून सुमारे १५ किलोमीटरवर गाठ पडते. चुकलं तर? लागलं की नाही हे बघायला ४ सेकंद, नवं सोडायला २ सेकंद. दुसरी गाठ साडेनऊ किलोमीटरवर. तीही चुकली तर तिसरी साडेपाच किलोमीटरवर. तीन संधी मिळतात.

आता हाच हिशेब ९०० मीटर वेगासाठी करा. २० सेकंदांत ते १८ किलोमीटर जवळ आलेलं असतं, उरतात १०. गाठ पडते साडेचार किलोमीटरच्या आत. ती चुकली की झालेली चूक कळायच्या आत ते दारात असतं. एकच संधी. म्हणून स्वनातीत क्षेपणास्त्रासमोर एक सोडून वाट बघत नाहीत, दोन लागोपाठ सोडतात.

या आकड्यांत शस्त्राचा वेग वाढवून फार काही साधत नाही. सगळ्यात जास्त फायदा सुरुवातीचे १८ सेकंद कापण्यात आहे. चारही दिशांना कायमचे बसवलेले, न फिरणारे रडार-पट्टे हे त्याचं उत्तर. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झोत वळवणाऱ्या या रडारला संशयास्पद ठिपका दिसला की ते पुढच्या फेरीची वाट न बघता लगेच तिथे पुन्हा झोत टाकतं. माग काढायला १० ऐवजी एक-दोन सेकंद पुरतात. अमेरिकेची एजिस यंत्रणा घेऊन १९८३ साली ‘टिकोंडेरोगा’ ही क्रूझर नौका नौदलात आली, तिचं वेगळेपण यातच होतं. भारताच्या कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर डोलकाठीच्या चार बाजूंना दिसणारे सपाट पट्टे हे त्याच कुळातले.

क्षितिज लांब ढकलायचं

दुसरा उपाय म्हणजे क्षितिजच मागे ढकलणं. अँटेना २० ऐवजी ४० मीटरवर नेली तर २८ चे ३५ किलोमीटर होतात. ३०० मीटर वेगाच्या क्षेपणास्त्राविरुद्ध ही सुमारे २५ सेकंदांची कमाई आहे. पण जड अँटेना जितकी उंच, तितकी नौका उलटण्याकडे झुकते, म्हणून नौकेच्या आराखड्यात डोलकाठीच्या प्रत्येक मीटरवर वाद होतो. ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांनी मुख्य रडार मुद्दाम हलकं ठेवून ते उंच टोकावर चढवलं आहे.

खरी उडी मारायची तर रडार उडवावं लागतं. ३००० मीटर उंचीवरच्या हेलिकॉप्टरला किंवा विमानाला तेच ५ मीटरवरचं क्षेपणास्त्र गणिताने २३० किलोमीटरवरून दिसू शकतं. ई-२ हॉकाय हे विमान, किंवा पोटाखाली मोठी अँटेना उघडणारं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर यासाठीच असतं. क्षेपणास्त्र सोडायला आलेलं विमानच त्यात दिसलं तर लढाऊ विमानं पाठवून ते परतवता येतं, आणि बाणापेक्षा धनुर्धराला अडवणं केव्हाही स्वस्त. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याकडे असं उडतं रडार नव्हतं. त्याची किंमत त्यांनी मोजली. सी किंग हेलिकॉप्टरवर रडार बसवून ते पाठवलं गेलं, तेव्हा युद्ध संपलं होतं.

आजकाल याच्याही पुढची पायरी गाठली आहे: विमानाने बघायचं आणि नौकेने स्वतःला न दिसणाऱ्या लक्ष्यावर क्षेपणास्त्र सोडायचं. त्यासाठी दोघांमधला माहितीचा दुवा इतका अचूक आणि वेगवान लागतो की विमानाच्या रडारची मोजणी नौकेला स्वतःचीच वाटावी.

रडारखेरीज नौकेला कानही असतात. येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या नाकात छोटं रडार असतं, त्याला सीकर म्हणतात. तो बहुधा शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांत चालू होतो. ज्या विमानाने ते सोडलं, त्यालाही आधी एकदा वर येऊन रडारने लक्ष्य बघावं लागतं. या लहरी ऐकणारी यंत्रणा स्वतः काहीच प्रसारित करत नाही आणि ऐकू आलेल्या लहरीवरून ‘हा अमुक प्रकारचा सीकर’ असं सांगू शकते. ओळख पटवण्याचे सेकंद इथे वाचतात.

४ मे १९८२ ला नेमकं हेच घडलं, आणि घडलं नाही. अर्जेंटिनाची दोन सुपर एतांदार विमानं खालून आली, क्षणभर वर उठून त्यांनी रडार लावलं. ब्रिटनच्या ‘ग्लासगो’ विनाशिकेने त्या लहरी ऐकल्या, धोक्याचा इशारा दिला आणि चाफ, म्हणजे रडारला फसवणाऱ्या तंतूंचा ढग, सोडला. शेजारच्या ‘शेफील्ड’वर त्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवणं चालू होतं आणि त्या प्रसारणाने तिची ऐकणारी यंत्रणा बधिर झाली होती. एक्झोसेट आदळलं, २० जण मृत्युमुखी पडले. नौकेने बचावासाठी काहीच केलं नव्हतं. स्वतःचंच एक यंत्र दुसऱ्याचे कान बंद करतं, हा धोका नौकेवर कायमचा असतो. डझनावारी अँटेना काही मीटरांच्या अंतरात उभ्या असतात, त्यामुळे कोणती केव्हा चालू ठेवायची याचं कोष्टक काटेकोर पाळावं लागतं.

मारायचं ते कसं

नौकेवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या दोन जाती लक्षात ठेवल्या तर बाकीचं समजणं सोपं जातं. जुनी जात अर्धसक्रिय. तिच्या नाकात ऐकणारा भाग असतो, पण प्रकाश टाकणारा नसतो. नौकेवरचं एक वेगळं रडार लक्ष्यावर झोत धरून ठेवतं, अंधारात कुणीतरी बॅटरी धरावी तसं, आणि क्षेपणास्त्र त्या उजळलेल्या लक्ष्याकडे जातं. नौकेवर जितक्या बॅटऱ्या, तितकीच लक्ष्यं एका वेळी. शेफील्डच्या वर्गातल्या विनाशिकांकडे अशी दोनच रडारं होती, म्हणजे तिसरं क्षेपणास्त्र आलं तर त्याला वाट मोकळी. एजिसने यावर तोड काढली. आपली क्षेपणास्त्रं आधी रेडिओवरून दिशा देऊन न्यायची आणि झोत फक्त शेवटच्या काही सेकंदांपुरता धरायचा, म्हणजे तीन-चार झोत डझनभर लक्ष्यांमध्ये वाटता येतात.

नवी जात सक्रिय. एस्टर, बराक-८, एसएम-६ यांच्या नाकात स्वतःचं रडार आहे. नौकेने त्यांना लक्ष्याच्या जवळ नेऊन सोडलं की पुढचं ते बघतात. महाग पडतात, पण एकाच वेळी अनेक क्षेपणास्त्रं आली तर यांचाच आधार. स्फोटाचं काम प्रॉक्झिमिटी फ्यूज करतो: थेट आदळायची गरज नाही, काही मीटरच्या आत आलं की फुटायचं आणि तुकड्यांच्या झोताने लक्ष्य फाडायचं.

पण कुठलंच क्षेपणास्त्र शंभर टक्के लागत नाही. उदाहरणापुरतं धरा की एकाची लागण्याची शक्यता ७० टक्के आहे. एका लक्ष्यावर दोन सोडली की ती ९१ टक्के होते. ऐकायला छान वाटतं. आता एकदम चार क्षेपणास्त्रं आली आणि प्रत्येकावर दोन-दोन सोडली. चारही पडण्याची शक्यता ९१ टक्क्यांचा चारदा गुणाकार, म्हणजे ६९ टक्के. आठ आली तर ४७ टक्के. म्हणजे १६ क्षेपणास्त्रं खर्चूनही निदान एक आत शिरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हल्ला करणारा एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशांनी मारा करतो तो या गुणाकारासाठीच. आणि बचावाचे अनेक थर असतात तेही यासाठीच: आत निसटलेल्या एक-दोघांना पुढच्या थराने गाठायचं.

फसवणं

या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते फसवणुकीबद्दल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नौका तिनेच वाचवल्या आहेत. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये लताकियाजवळच्या लढाईत सीरियाच्या नौकांकडे पी-१५ होती, तिचा पल्ला इस्रायलच्या गॅब्रिएलपेक्षा बराच जास्त होता. तरीही त्यांचं एकही क्षेपणास्त्र लागलं नाही. चाफ आणि जॅमर (सीकरला खोट्या लहरी पाठवणारं यंत्र) यांनी ते केलं. एलात बुडून सहाच वर्षं झाली होती.

चाफ म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या काचेच्या तंतूंचे बारीक तुकडे. तुकड्याची लांबी सीकरच्या लहरीच्या निम्मी ठेवतात, कारण त्या लांबीचा तंतू त्या लहरीला सगळ्यात जोरात परतवतो. १० गिगाहर्ट्झच्या सीकरची लहर ३ सेंटीमीटर, तर तंतू दीड सेंटीमीटर. कुठला सीकर येईल हे ठाऊक नसतं, म्हणून एकाच नळकांड्यात वेगवेगळ्या लांबीचे लाखो तुकडे भरतात. नळकांडं हवेत फुटलं की काही सेकंदांत ढग तयार होतो आणि रडारला तो नौकेइतका, कधी नौकेहून मोठा दिसतो.

तो कुठे सोडायचा यात खरी कला आहे. सीकर चालू होण्याआधी सोडायचा तर नौकेपासून हजार-दोन हजार मीटरवर, दोन-तीन बाजूंना. सीकर उघडला की त्याला एकाऐवजी चार नौका दिसतात आणि तो बहुधा पहिली दिसलेली धरतो. पण सीकरने नौकेला आधीच पकडलं असेल तर लांबचा ढग निरुपयोगी. सीकर पकडलेल्या लक्ष्याभोवती अंतराची एक अरुंद चौकट धरून बसतो आणि तिच्याबाहेरचं काही बघत नाही. तेव्हा ढग नौकेच्या अगदी जवळ, त्याच चौकटीत उमलावा लागतो. मग नौकेने वेगाने बाजूला व्हायचं, आणि चौकट मोठ्या, जोरदार प्रतिध्वनीबरोबर म्हणजे ढगाबरोबर मागे राहील अशी सोय करायची.

यात वाऱ्याची दिशा चुकली की सगळं फसतं. ढग वाऱ्याबरोबर वाहतो, नौका इंजिनाच्या जोरावर. ३० नॉट म्हणजे सेकंदाला १५ मीटर. वारा आणि नौका एकाच दिशेने चालले असतील तर दोघं वेगळे व्हायला फार वेळ लागतो. उलट दिशेने गेले तर चटकन फारकत. ढग आणि नौका क्षेपणास्त्राच्या एकाच रेषेत आले तर त्याहून वाईट: ढगातून आरपार गेलेल्या क्षेपणास्त्रासमोर पुन्हा नौकाच उभी. म्हणून नौकेचं वळण, वारा आणि क्षेपणास्त्राची दिशा या तिन्हींचा मेळ संगणक घालतो आणि सुकाणूवाल्याला नवी दिशा सांगतो. त्याच वेळी नौकेने अशी बाजूही द्यायची असते की रडारला ती कमी दिसावी आणि तरीही तिच्या तोफांच्या आड तिचीच डोलकाठी येऊ नये. या दोन गरजा अनेकदा एकमेकींविरुद्ध जातात.

जॅमर या कामात चाफचा जोडीदार. तो सीकरची लहर पकडून आधी जशीच्या तशी, पण जास्त जोरात परत पाठवतो. सीकर त्यालाच नौका समजतो. मग जॅमर परतीची लहर किंचित उशिरा, आणखी उशिरा पाठवत जातो. सीकरची चौकट हळूहळू नौकेवरून सरकते. पुरेशी सरकली की जॅमर एकदम गप्प होतो. चौकटीत काहीच उरत नाही, सीकर गोंधळून नवा शोध सुरू करतो आणि तिथे चाफचा ढग वाट बघत असतो. दोघांपैकी एकटा जॅमर धोक्याचा, कारण काही क्षेपणास्त्रं जॅमिंगचा स्रोत दिसला की त्याच्याकडेच झेपावतात.

नव्या सीकरना चाफ ओळखता येऊ लागला आहे. ढग वाऱ्याच्या गतीने तरंगतो, नौका तशी तरंगत नाही. म्हणून आता पाण्यावर तरंगणारे फुगवलेले कोनाकृती परावर्तक सोडतात, ते ढगापेक्षा जास्त वेळ टिकतात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेने बनवलेला नल्का हा रॉकेटवर हवेत अधांतरी तरंगणारा डिकॉय (फसवं लक्ष्य) स्वतःच मोठ्या नौकेसारखा प्रतिध्वनी प्रसारित करत नौकेपासून दूर सरकत जातो. नाकात रडारऐवजी औष्णिक कॅमेरा असलेल्या क्षेपणास्त्रांना मात्र यातलं काहीच फसवत नाही. त्यांच्यासाठी जळणाऱ्या ज्वाळा आणि धूर लागतो, आणि नौकेचं चित्र ओळखणाऱ्या कॅमेऱ्यापुढे ज्वाळाही कमी पडतात.

फसलेलं क्षेपणास्त्र नष्ट झालेलं नसतं, हेही विसरून चालत नाही. ते उडतच राहतं आणि पुढे जे दिसेल ते धरतं. २५ मे १९८२ ला ब्रिटिश युद्धनौकांच्या चाफने एक्झोसेट चकली, आणि पुढे त्यांना ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज सापडलं. त्यावर ना चाफ होता ना जॅमर. १२ जण गेले आणि ताफ्याची बहुतेक चिनूक हेलिकॉप्टरं जळाली.

शेवटचे दीड किलोमीटर

सगळं चुकलं की उरते ती स्वयंचलित तोफ. अमेरिकन फॅलँक्समध्ये सहा नळ्यांची २० मिलीमीटरची तोफ मिनिटाला ४५०० गोळ्या झाडते, तर रशियन बनावटीची एके-६३० ही ३० मिलीमीटरची. फॅलँक्सचं रडार येणारं क्षेपणास्त्र आणि जाणाऱ्या गोळ्या दोन्ही बघतं आणि दोघांमधलं अंतर शून्यावर आणत जातं. तिच्या पेटीत १५५० गोळ्या असतात, सलग झाडल्या तर २० सेकंदांत संपतात.

परिणामकारक पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. ३०० मीटर वेगाला ते ५ सेकंद, ९०० ला पावणेदोन सेकंदही नाहीत. आणि ५०० मीटरवर फोडलेलं स्वनातीत क्षेपणास्त्र फुटल्यावरही थांबत नाही. त्याचे जळते तुकडे आणि उरलेलं इंधन त्याच वेगाने नौकेवर येतं. म्हणून बऱ्याच नौदलांनी तोफेच्या जोडीला किंवा जागी ९-१० किलोमीटर पल्ल्याची छोटी क्षेपणास्त्रं आणली. तरी तोफ निरुपयोगी नाही. ३० जानेवारी २०२४ ला तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या ‘ग्रेव्हली’ विनाशिकेने एक क्षेपणास्त्र जेमतेम मैलभर अंतरावर फॅलँक्सने पाडलं. आधीचे सगळे थर ओलांडून ते तिथवर आलं होतं.

थरांमध्ये ताळमेळ नसला की ते एकमेकांशीच भांडतात. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ ला इराकने सोडलेलं सिल्कवर्म क्षेपणास्त्र ब्रिटनच्या ‘ग्लॉस्टर’ने आपल्या सी डार्ट क्षेपणास्त्राने पाडलं. त्याच गडबडीत अमेरिकेच्या ‘जॅरेट’च्या स्वयंचलित फॅलँक्सने अमेरिकेच्याच ‘मिसुरी’ने सोडलेल्या चाफवर गोळीबार केला आणि काही गोळ्या मिसुरीलाच लागल्या.

कळ कुणाच्या हातात

यंत्रणा पूर्ण स्वयंचलित ठेवली तर सगळ्यात वेगवान. पण आकाशात प्रवासी विमानं असतात, स्वतःची हेलिकॉप्टरं असतात. म्हणून शांततेच्या काळात कळ माणसाच्या हातात ठेवतात, आणि नौका मार खातात त्या बहुधा इथेच. १७ मे १९८७ ला अमेरिकेच्या ‘स्टार्क’वर इराकी मिराजची दोन एक्झोसेट आदळली, ३७ जण ठार. इराक शत्रू मानला जात नव्हता, फॅलँक्स स्वयंचलित मोडवर नव्हती, चाफचे प्रक्षेपक अगदी शेवटी सज्ज झाले. एकही संरक्षक शस्त्र चाललं नाही. १४ जुलै २००६ ला लेबनॉनजवळ इस्रायलच्या ‘हानित’वर क्षेपणास्त्र लागलं तेव्हा तिची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा चालू नव्हती, कारण किनाऱ्यावर असं शस्त्र आहे याची कल्पनाच नव्हती. शेफील्ड, स्टार्क, हानित: तिन्हींकडे बचावाची साधनं होती, तिन्हींनी ती वापरली नाहीत. संरक्षणाचं मोजमाप नुसत्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावरून करणाऱ्या चर्चा मला म्हणूनच अपुऱ्या वाटतात.

घाईची दुसरी बाजूही तितकीच भयानक आहे. स्टार्कनंतर वर्षभराने, ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्याच ‘व्हिन्सेन्स’ने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. एजिसच्या नोंदीत विमान वर चढत होतं, पण ऑपरेशन्स रूममध्ये, म्हणजे नौकेची लढाई जिथून चालवतात त्या खोलीत, ते खाली झेपावतंय अशी हाकाटी झाली आणि दबावाखालच्या कानांनी ती खरी मानली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘गेटिसबर्ग’ने स्वतःच्याच ताफ्यातलं एफ-१८ पाडलं, सुदैवाने दोन्ही वैमानिक वाचले. म्हणूनच ऑपरेशन्स रूममध्ये ठरलेल्या शब्दांत बोलण्याचा आणि वेग, उंची, दिशा पडद्यावरून स्वतः वाचण्याचा इतका आग्रह धरतात.

ड्रोन आणि रिकाम्या नळ्या

ऑक्टोबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जे हल्ले केले त्यात एक नवी गोष्ट होती: नौकांवर प्रथमच बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सुटली. ती वरून येतात, म्हणून क्षितिजाची अडचण नसते, पण वेग प्रचंड असतो आणि रडारला जवळजवळ डोक्यावर बघावं लागतं. एसएम-६ आणि एस्टर-३० यांनी ती पाडून दाखवली.

जास्त छळलं ते स्वस्त ड्रोननी. वीस लाख डॉलरच्या घरातलं क्षेपणास्त्र काही हजार डॉलरच्या ड्रोनवर खर्च करायचं का? नौकेची किंमत आणि तीनशे माणसं पाहता त्या क्षणी उत्तर ‘हो’च असतं. खरी टंचाई पैशांची नाही, नळ्यांची आहे. अर्ली बर्क वर्गाच्या नव्या विनाशिकांवर ९६ उभ्या नळ्या असतात, पण त्यातल्या बऱ्याच जमिनीवर मारा करणाऱ्या आणि पाणबुडीविरोधी क्षेपणास्त्रांना दिलेल्या. कोलकाता वर्गात हवाई संरक्षणासाठी ३२ बराक-८. रिकामी नळी समुद्रात भरता येत नाही. कित्येक मीटर लांबीचं, टनभराहून जड नळकांडं हलत्या नौकेत उभं सोडायचं तर ते भोकात बसण्याऐवजी कडेला आपटतं. त्यामुळे बंदरात परतावं लागतं, आणि ते बंदर हजारो किलोमीटरवर असू शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने ‘चोसिन’वर रेल्वेसारख्या रुळांवरून रिकामं नळकांडं समुद्रातच बसवून पाहिलं, पण ही सोय अजून सगळीकडे पोचलेली नाही. तोवर एका नळीत चार छोटी क्षेपणास्त्रं बसवणं आणि ड्रोनसाठी ७६ किंवा १२७ मिलीमीटरची मुख्य तोफ प्रॉक्झिमिटी फ्यूजच्या गोळ्यांसह वापरणं हेच मार्ग. हेलिकॉप्टरच्या दारातल्या मशीनगननेही फ्रेंच नौदलाने ड्रोन पाडले आहेत. लेझरची तोफ येऊ घातली आहे, पण दमट, धुकट समुद्री हवेत तिचा झोत विरतो आणि एका लक्ष्यावर तो काही सेकंद स्थिर धरावा लागतो.

लागलंच तर

क्षेपणास्त्र कमी अंतरावरून सुटलेलं असेल तर त्यात न जळलेलं इंधन भरपूर उरतं. स्फोटकाइतकंच नुकसान ते इंधन करतं. शेफील्डवर आग पसरली ती मुख्यतः त्यामुळे, आणि आग विझवणाऱ्या पाण्याची मुख्य वाहिनी त्याच धक्क्यात निकामी झाली होती. म्हणून ही वाहिनी आता तुकड्या-तुकड्यांत विभागतात. फुटलेला तुकडा दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून वेगळा पाडायचा, आणि वीज गेली तरी चालतील असे डिझेलचे सुटे पंप नौकेच्या पुढे, मध्ये आणि मागे ठेवायचे. आग लागलेल्या कप्प्याच्या सहाही बाजूंच्या भिंती बाहेरून पाण्याने थंड ठेवाव्या लागतात, नाहीतर पोलाद तापून पलीकडच्या खोलीतली केबल आणि रंग पेट घेतो. काळा धूर केबलांच्या भोकांतून दोन-तीन कप्पे पलीकडे पोचतो, त्यामुळे श्वसनयंत्र प्रत्येकाच्या हाताशी हवं, कपाटात कुलूपबंद नको.

पाणी मारताना एक हिशेब सतत करत राहावा लागतो. एका होजमधून मिनिटाला पाव ते अर्धा टन पाणी पडतं. चार होज तासभर चालले तर ६० ते १२० टन पाणी वरच्या मजल्यांवर साचतं. ते पाणी नौका कलली की त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. स्टार्कवर दोन एक्झोसेटमधून वाचलेल्या माणसांना पुढचे कित्येक तास आगीइतकीच या कलण्याशी झुंज द्यावी लागली. म्हणून आग विझवणाऱ्या प्रत्येक तुकडीबरोबर पाणी उपसणारी तुकडी उतरते, आणि नियंत्रण कक्षात एक जण दुसरं काहीही न करता फक्त कलण्याचा कोन वाचून दर काही मिनिटांनी नोंदवत असतो.